शिरोरेषा शेवटी

आफ्टर इफेक्ट्समध्ये, म्हणजे अक्षरं-चित्रं हलती करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी टायटल करायला बसलं की पहिला अर्धा दिवस शिरोरेषा खाते. रोमन लिपीत काम करणाऱ्याला ही भानगड ठाऊकच नसते. त्याची अक्षरं सुटी, आपापल्या पायांवर उभी. एकेक उचला, गरगर फिरवा, पडद्याबाहेर भिरकावून परत आणा, शब्दाला काही होत नाही. आपल्या शब्दाच्या डोक्यावरून मात्र एक रेघ जाते आणि तिने सगळ्यांना धरून ठेवलेलं असतं. त्यातलं एक अक्षर जरा हललं तरी ती तुटते, आणि तुटक्या रेघेचा शब्द मराठी माणसाला वाचायच्या आधी खटकतो.

उदाहरणाला 'किनारपट्टी' हा शब्द घेऊ. कोकणावरच्या माहितीपटाला कोणीही सहज देईल असं नाव. टेक्स्ट लेअर, म्हणजे शब्दाचा थर, घ्यायचा, 'अ‍ॅनिमेट'मधून पोझिशन (जागा) किंवा ओपॅसिटी (पारदर्शकता) निवडायची, की एक रेंज सिलेक्टर, म्हणजे बदल किती अक्षरांपर्यंत पोचला ते ठरवणारा सरकता भाग, येऊन बसतो. तो शून्य टक्क्यांवरून शंभरवर सरकवायचा. जसजसा सरकेल तसतशी अक्षरं एकामागून एक जागेवर येतात. तयार मिळणारे टेक्स्ट प्रीसेट बहुतेक याच यंत्रणेवर चालतात. पण सॉफ्टवेअर अक्षर कशाला म्हणतं? डोळ्यांना 'किनारपट्टी'त पाच अक्षरं दिसतात: कि, ना, र, प, ट्टी. युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षर-क्रमांकांच्या, हिशेबात ती दहा आहेत: क, वेलांटी, न, काना, र, प, ट, हलन्त, ट, वेलांटी. सॉफ्टवेअरने दहाचा हिशेब धरला की गंमत सुरू होते. आधी क येऊन बसतो. मग त्याच्या डाव्या अंगाला ऱ्हस्व वेलांटी घुसते आणि बिचाऱ्याला उजवीकडे सरकावं लागतं. पुढे ट येतो, त्याच्या पायात हलन्त येतो, आणि दुसरा ट आला की पहिला दचकून त्याच्या डोक्यावर चढतो. प्रेक्षक हसत नाहीत, कारण त्यांना नक्की काय झालं ते कळत नाही. काहीतरी वेडंवाकडं झालं एवढं मात्र कळतं.

हेही आताचं सुख. आधीच्या आवृत्त्यांत जोडाक्षरं जुळायचीच नाहीत, वेलांटी भलत्याच बाजूला उभी असायची. तेव्हा टायटल फोटोशॉप नाहीतर कोरलमध्ये करून चित्र म्हणून आत आणायचं, आणि त्या चित्राचं जे काय करायचं ते करायचं. मग दक्षिण आशियाई लिप्या जुळवणारं टेक्स्ट इंजिन आलं. अक्षरं जुळतात. रेघेचा प्रश्न तिथेच राहतो.

त्याच्या आधी श्रीलिपीचा जमाना होता. त्या फाँट्समध्ये काना, मात्रा, अर्धी अक्षरं हे सगळे तुकडे रोमन कळांच्या जागी बसवलेले असायचे. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजीच दाखवतोय, त्यामुळे अक्षर कधी मोडायचं नाही. पण एकेक कॅरेक्टर हलवायला गेलं की न चं गाठोडं आधी उतरायचं आणि त्याचा दांडा चार फ्रेम्स मागून.

या सगळ्यातून सुटायला एक राजमार्ग आहे. रेंज सिलेक्टरच्या 'बेस्ड ऑन'मध्ये कॅरेक्टर्सऐवजी वर्ड्स निवडायचं. अख्खा शब्द एकत्र हलतो आणि प्रश्न मिटतो. मराठी टायटलं इतकी वर्षं नुसती उजळत, नुसती मोठी होत, अंगावरून एक सोनेरी चमक जाऊ देत का येत राहिली, याचं निम्मं उत्तर त्या एका पर्यायात आहे. उरलेलं निम्मं उत्तर 'उद्या सकाळी हवंय' या वाक्यात.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांची मी टिंगल करत नाही. मीही केलेत, अजून करते. तिथे 'चि. सौ. कां.'वर सोन्याचा भुगा उडालाच पाहिजे, गुलाबाच्या पाकळ्या पडल्याच पाहिजेत, आणि मुलीच्या मामाला तो भुगा कमी वाटला तर वाढवून द्यावा लागतो. तो बाजार वेगळा आहे आणि प्रामाणिक आहे.

माझा राग आहे तो ट्रॅकिंगवर. इंग्रजी सिनेमांच्या ट्रेलरमध्ये ती एक चाल असते: काळ्या पडद्यावर नाव, आणि अक्षरांमधलं अंतर अगदी हळू, जाणवेल न जाणवेल असं वाढत जातं. भारदस्त दिसतं, मान्य. ते बघून आपल्याकडचा दिग्दर्शक म्हणतो, असंच पाहिजे. मराठी शब्दाचं ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषेला फटी पडतात. शब्द श्वास घेतोय असं न वाटता तो उसवतोय असं वाटतं. मग मी अक्षरं सुट्या आकारांमध्ये फोडते, प्रत्येकाची रेघ कापून टाकते, वर एकच लांब रेघ वेगळ्या लेअरवर टाकते आणि अक्षरं खालच्या खाली सरकवते. दिसायला ठीक दिसतं. त्यात किती तास गेले ते बिलात दिसत नाही.

फाँट तयार करणाऱ्याने प्रत्येक अक्षराला शिरोरेषेचा आपापला तुकडा दिलेला असतो आणि तो शेजारच्याच्या तुकड्यावर केसभर चढवलेला असतो, म्हणजे छापताना फट दिसू नये. छपाईत ते बरोबरच आहे. अ‍ॅनिमेशनमध्ये मात्र एकेक अक्षर हळूहळू उजळवायला घेतलं की जिथे दोन तुकडे एकमेकांवर आलेत तिथे रंग दुप्पट बसतो. अर्ध्या उजेडात शिरोरेषेवर ठिपक्यांची माळ दिसते, प्रत्येक सांध्याला एक. पूर्ण उजळलं की नाहीशी. ती माळ दहा-बारा फ्रेम्सच असते, पण एकदा दिसायला लागली की आयुष्यभर दिसते. अक्षरांना किनार दिली तरी हाच प्रकार: रेघेत उभे काप पडतात. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा, दादांच्या नावावर ते काप हमखास असतात. इलाज सोपा आहे. टायटलचे आधी आकार करून घ्यायचे आणि सगळे एकमेकांत विलीन करायचे. पण विलीन केल्यावर अक्षरं वेगळी हलवता येत नाहीत. म्हणजे पुन्हा रेघ कापा, पुन्हा वेगळी टाका.

आता इतकी कापाकापी करून रेघ वेगळ्या लेअरवर आलीच आहे, तर ती आधी येऊ द्यायची की नंतर?

सोपं उत्तर आहे 'आधी'. रेघ हळूहळू उलगडणारा ट्रिम पाथ्स लावायचा, शून्यापासून शंभरपर्यंत एक रेघ डावीकडून उजवीकडे सोडायची, आणि मग तिच्याखाली तोरणातल्या पानांसारखी अक्षरं एकेक करून लोंबती सोडायची. करायला पटकन, बघायला देखणं. माझ्या मदतीला येणारा मुलगा टाइमलाइनवर हेच करून ठेवतो आणि विचारतो, "ताई, रेघ आधी सोडलीय, चालेल ना?"

चालतं. पण पहिलीत बाईंनी काय शिकवलं होतं? आधी अक्षरं लिही, मग रेघ मार. पाटीवर, दुरेघी वहीत, सगळीकडे तोच क्रम. शब्द पूर्ण झाला की हात मागे जातो आणि एका दमात वरून रेघ ओढतो. माझा हात तर अनुस्वार, मात्रा, रफार यांच्यासाठी रेघ झाल्यावर पुन्हा एक फेरी मारतो. घाईत लिहिणारे रेघ गाळून टाकतात, ती गोष्ट वेगळी. पण मारली तर शेवटी. बालबोध लिहिणाऱ्या हाताला शब्द संपल्याची खूण म्हणजे ती रेघ. म्हणून पडद्यावर अक्षरं आधी आली, जरा वेळ बोडकी उभी राहिली, आणि मग वरून रेघ सर्रकन गेली, की बघणाऱ्याच्या आत काहीतरी जागेवर बसतं. त्याला कारण सांगता येत नाही. 'हे टायटल बरं वाटलं' एवढंच म्हणतो.

हा नियम मी त्या मदतनीस मुलाला सांगितला आणि काही दिवसांतच तो मोडायची वेळ आली. पेशवाईतल्या कागदपत्रांवरचा एक छोटा माहितीपट होता आणि नाव मोडीत हवं होतं. मोडीत सगळं उलटं. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. शब्द कुठे संपला, कुठे सुरू झाला, त्याच्याशी रेघेला देणंघेणं नाही. बोरू शक्यतो उचलायचा नाही, एक अक्षर दुसऱ्यात घुसवत पुढे जायचं. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद नाही, त्यामुळे मागे येऊन डावीकडे वेलांटी द्यायची कटकटही नाही. धावत्या हातासाठी रुळलेली लिपी आहे ती, आणि खरं सांगायचं तर अ‍ॅनिमेशनला तिच्याइतकी सोयीची लिपी दुसरी नाही. युनिकोडमध्ये मोडीला 2014 साली जागा मिळाली, पण टायटलसाठी मी फाँटच्या वाटेला गेलेच नाही. जाणकाराकडून कागदावर लिहून घेतलं, स्कॅन केलं. त्या टायटलला रेघ आधी आली आणि तीच बरोबर होती. रेघ पडद्याच्या डाव्या कडेबाहेरून आली आणि उजव्या कडेबाहेर गेली. नाव तिच्या मध्यावर कुठेतरी उगवलं. दिग्दर्शक म्हणाले, "रेघ नावापुरतीच ठेवा ना, सुटसुटीत दिसेल." मी नाही म्हटलं. क्वचितच म्हणते.

लिहून घेतलेलं अक्षर हलवणं हे स्वतंत्र प्रकरण आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अक्षरावर पेनाचा मार्ग काढला, स्ट्रोक इफेक्ट लावला, मार्गाच्या वाटेने अक्षर उलगडलं, संपलं. अक्षरात रेषा एकमेकींना छेदत नसत्या तर संपलंही असतं. 'क' घ्या. डावीकडचं गोल पोट, मधला दांडा, उजवीकडची शेपटी. पोट उलगडताना ब्रश जाड ठेवावा लागतो, नाहीतर बोरूची पूर्ण रुंदी उघडत नाही. आणि जाड ठेवला की तो दांड्यापाशी पोचताच दांड्याचा एक लचका आधीच उघडा पाडतो. अजून न लिहिलेल्या रेषेचा तुकडा हवेत दिसतो. 'ळ' याहून वाईट, 'ह' तर विचारू नका. मग अक्षर जिथे जिथे छेदतं तिथे कापायचं, प्रत्येक तुकड्याला वेगळा लेअर, वेगळा मॅट (किती भाग दिसावा ते ठरवणारा साचा), वेगळा मार्ग, आणि ते एकमेकांत असे मिसळायचे की सांधा दिसू नये. एका 'किनारपट्टी'चे पंधरा-वीस लेअर्स सहज होतात.

एवढं करूनही पहिला प्रीव्ह्यू मेलेला निघतो, कारण वेग. दोन कीफ्रेम्समध्ये, म्हणजे हालचालीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या खुणांमध्ये, रेषा एकसारख्या गतीने जाते आणि हात एकसारख्या गतीने कधीच जात नाही. सरळ दांड्यावर तो सुटतो, वळणावर दबतो, गाठीपाशी जवळजवळ थांबतो. अक्षर संपलं की हात उचलून पुढच्या अक्षरापाशी नेईपर्यंत काहीच घडत नाही, आणि ते काहीच न घडणंही दाखवावं लागतं. टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम्स, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. दोन अक्षरांमध्ये तीन रिकाम्या फ्रेम्स ठेवल्या की लिहिणारा सराईत वाटतो; आठ ठेवल्या की तो विचार करतोय असं वाटतं. ग्राफ एडिटरमध्ये वेगाची वक्ररेषा इकडची तिकडे ओढत बसणं हा या धंद्यातला सगळ्यात शांत भाग. तेव्हा फोन आला तर मी उचलत नाही.

आणि हे सगळं संगणकाच्या आधी कसं करायचे? जुन्या अ‍ॅनिमेशनवाल्यांची एक युक्ती मला फार आवडते. पूर्ण नाव रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवायचं आणि एकेक फ्रेम घेत नाव थोडंथोडं पुसत जायचं, शेवटाकडून सुरुवातीकडे. मग ती फिल्म उलटी चालवायची. पडद्यावर नाव आपोआप लिहिलं जातं. 24 फ्रेम्सच्या हिशेबाने तीन सेकंदांच्या टायटलला 72 वेळा पुसणं. आता यात मराठी घाला: रेघ शेवटी यायला हवी असेल, तर पुसणाऱ्याला ती सगळ्यात आधी पुसावी लागणार. लिहायचा क्रम ज्याच्या हातात मुरलेला आहे त्यालाच तो उलटा करता येईल.

हलत्या चित्राशी आपली ओळख काही कमी जुनी नाही. फाळक्यांनी 1912 मध्ये एका कुंडीतल्या अंकुराची वाढ थोडीथोडी टिपून सलग दाखवली होती, आणि 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज'मध्ये आगपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम सरकवून नाचवल्या. ती फिल्म आता राहिलेली नाही. फाळके मूळचे छपाईतले; खोदकाम, ब्लॉक, रंग हे सगळं हाताखालून गेलेलं. सुट्या काड्यांत त्यांना हालचाल दिसली यात मला नवल वाटत नाही. आफ्टर इफेक्ट्स आलं ते 1993 मध्ये, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावच्या एका छोट्या कंपनीकडून. पुढच्या वर्षी ते दोन हात फिरून अडोबीकडे गेलं. ते लिहिणाऱ्यांसमोर त्यांची लिपी होती. त्यांच्यावर रागवण्यात अर्थ नाही. आपली लिपी समोर ठेवून असं एखादं हत्यार कोणी का घडवलं नाही, हा प्रश्न मात्र मी रेंडर चालू असताना, म्हणजे संगणक अंतिम फिल्म तयार करत असताना, अधूनमधून स्वतःला विचारते.

अक्षरांकडे बघायला आपल्याला माणसं नव्हती असं तर मुळीच नाही. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. कमल शेडगे यांनी काढलेली नावं तिथे उभी असायची आणि ती न हलता हलायची. नाटक गंभीर की फार्स, हे नाव वाचायच्या आधी अक्षराच्या अंगकाठीवरून समजायचं. 2020 मध्ये ते गेले. त्यांच्यासारख्याचं काम अ‍ॅनिमेट करायला मिळालं तर काय कराल, असं मला एकाने विचारलं होतं. काही करणार नाही, काळ्यावर पांढरं ठेवीन आणि सहा सेकंद सोडून देईन.

फाँटचं म्हणाल तर तयार फाँटांत आता पुष्कळ बरं मिळतं. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या संस्थेचे मुक्त फाँट आहेत, 'बालू' किंवा 'मुक्ता'; छोट्या कामाला मी बिनधास्त वापरते. 'मंगल' वापरत नाही. र. कृ. जोशींसारख्या मोठ्या सुलेखनकाराने तो संगणकाच्या पडद्यावर मजकूर वाचता यावा म्हणून केला आणि ते काम त्याने चोख केलं. टायटलला लावला की सिनेमाला आवक-जावक क्रमांक असल्यासारखा वाटतो, त्यात फाँटचा दोष नाही. दुसरी एक गोष्ट मात्र मी तपासल्याशिवाय पुढे जात नाही: ल आणि श. शासनाने 2009 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिला. बऱ्याच फाँटांत दोन्ही रूपं असतात, पण भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तरच मराठी रूप बाहेर येतं. नाहीतर हिंदी वळणाचं येऊन बसतं. पुस्तकात बारा पॉइंटमध्ये ते खपून जातं. थिएटरच्या पडद्यावर 'शाळा' लिहिलं आणि श माणसाहून उंच असेल, तर खपत नाही.

न्यूज चॅनेलमधली मंडळी या सगळ्यावर हसतात. त्यांच्याकडे खालच्या पट्टीला अजून 'अ‍ॅस्टन' म्हणतात, जुन्या ब्रिटिश यंत्राच्या नावावरून. अ‍ॅस्टनवरचं नाव पट्टीसकट डावीकडून येतं, चार सेकंद थांबतं, जातं. त्यात उकार खालच्या कडेला, रफार वरच्या कडेला कापला गेला, तरी बुलेटिन थांबत नाही. आपल्या लिपीला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, हे पट्टीचं टेम्प्लेट करणाऱ्याला एकदा सांगितलं तर पुढची पाच वर्षं सगळ्यांची आडनावं वाचतील. सांगायचं कोणी, हा प्रश्न.

हल्ली मी नवीन टायटल हातात घेतलं की आधी संगीतकाराला फोन करते. सम कुठे आहे? सुरावट कुठे येऊन थांबते? ती फ्रेम टाइमलाइनवर खूण करून ठेवते, कारण शिरोरेषेचं उजवं टोक तिथे पोचलं पाहिजे. एक फ्रेम आधी चालेल, नंतर नाही. रेघेला नऊ-दहा फ्रेम्स पुरतात, शेवटाकडे जरा मंदावत. तिच्याआधी अक्षरं बोडकी उभी राहायला पाचेक फ्रेम्स. अनुस्वार असेल तर तो समेनंतर, सगळं थांबल्यावर, एकटा. त्याच्या आधी शेवटचं अक्षर, त्याच्या आधी त्याच्या आधीचं, असं मागे मागे मोजत पहिल्या अक्षरापर्यंत यायचं. बहुतेक वेळा पहिलं अक्षर संगीत सुरू व्हायच्या थोडं आधीच पडतं, आणि मग संगीतकाराला दुसरा फोन करावा लागतो.